सळईला तांब्याभर पाणी

जिंतूरच्या आमच्या दुकानात गाडीचा पहिला चार्जर आला तेव्हा मी तो मोटारीच्या स्टार्टरांशेजारी टांगला आणि स्वतःच्या मागं झंझट लावून घेतली. येईल तो आधी विचारायचा, हे काय हाय? एकाला तो गिझर वाटला, एकाला पाणी गाळायचं मशीन. लाईटवरच्या गाडीचा चार्जर म्हटलं की मग रांगच लागायची. लाईट किती खातो, पावसात भिजला तर काय, आणि गाडी लावलेली असताना लाईट गेली तर गाडीतली लाईट उलटी तारेत जाते का? हा शेवटचा प्रश्न एका शेतकऱ्यानं विचारला होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

उत्तर येत नाही म्हटलं की मला जेवण गोड लागत नाही. ही खोड लहानपणापासूनची. सासऱ्यांनी दुकान आमच्या हाती दिलं, माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, फिरतीचं काम घेतलं आणि गल्ल्यावर मी बसले, ती या खोडीमुळंच. वायर, एमसीबी, स्टार्टर, केबल, सगळं मी विचारून विचारून शिकले. वायरमन लोक आधी हसायचे, मग कंटाळायचे, मग सांगून मोकळे व्हायचे. चार्जरच्या बाबतीत मात्र विचारायचं कुणाला? कंपनीचा माणूस फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याला म्हटलं, आमच्याकडं उन्हाळ्यात जमीन भेगाळते, तिथं तुमचं हे चालंल का? तर म्हणतो, मॅडम, पुस्तक वाचा. पुस्तक इंग्रजीत. ते मी मुलीकडून वाचून घेतलं. त्यातलं एक मला पक्कं कळलं: हिरवा दिवा म्हणजे चालू, लाल दिवा म्हणजे काहीतरी बिघाड, आणि लाल दिवा थांबून थांबून मिचकायला लागला तर अर्थिंग, म्हणजे डब्याला जमिनीशी बांधणारी वायर, तपासा.

महिनाभर त्या डब्यावरची धूळ झटकली आणि मग बाई आल्या. बाई म्हणजे चारठाण्याच्या अलीकडं एक गाव आहे, तिथं राहणाऱ्या प्राथमिक शिक्षिका. त्यांच्या मालकांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा परभणीला नेऊन रक्त शुद्ध करून आणावं लागायचं. आधी एसटीनं नेत होत्या. जाताना कसंबसं निभायचं, पण येताना माणसाच्या अंगात उभं राहायचंही त्राण नसायचं, आणि स्टँडवर बाकडं रिकामं मिळेल तर शपथ. म्हणून बाईंनी पन्नाशीत गाडी शिकली आणि लाईटवरची गाडी घेतली. सगळ्या भावकीनं वेड्यात काढलं. मला त्या म्हणाल्या, "पेट्रोलची घेतली असती तर दर खेपेला हिशेब करत बसले असते, न्यावं का नको. आता हिशेबच नको मला."

मला ते फार भिडलं. चार्जर बांधून दिला आणि आमचा नेहमीचा वायरमन त्यांच्याबरोबर लावून दिला. हा माणूस पंधरा-वीस वर्षं आमच्याकडनंच माल नेतो, मला वहिनी म्हणतो, आणि तालुक्यातल्या निम्म्या बोअरच्या मोटारी त्यानं चालू केल्यात. त्यानं अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा टाकून तांब्याची पट्टी पुरली, भिंतीवर डबा बसवला. हिरवा दिवा लागला. बाईंनी मला त्याचा फोटो पाठवला आणि मी तो दुकानात येईल त्याला दाखवला.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी फोन. दिवा लाल झालाय आणि मिचकायलाय.

इथनं पुढं जे सुरू झालं त्यानं आम्हाला हैराण केलं. दुपारी वायरमन जायचा तेव्हा हिरवा. खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतून, मिशीला पीळ देऊन तो परत यायचा, आणि दिवे लागायच्या वेळेला दिवा पुन्हा लाल. दिवसा चार्जिंगला लावावी तर गाडी बाईंबरोबर शाळेत, कारण शाळा आडबाजूला, तिकडं एसटीच नाही. परभणीत एका ठिकाणी गाडी लावायची सोय आहे म्हणे, पण तिथं पोचण्यापुरतं तरी गाडीत असायला हवं ना! आणि तिथल्या डब्यापुढं कधी कुणाची जीप उभी, कधी तो डबाच बंद. एका खेपेला बाई अर्ध्याहून कमी चार्जवर निघाल्या आणि बोरीच्या पुढं पंखा बंद करून, काचा उघड्या टाकून, रांगत रांगत पोचल्या. पुढच्या खेपेला मालकांना एसटीनं न्यावं लागलं. येताना ते स्टँडवर चक्कर येऊन पडले.

हे कळलं तेव्हा मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. डब्याचा आला, कंपनीच्या माणसाचा आला, वायरमनचा तर आलाच आला. त्याला म्हटलं, तुमचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. तो म्हणाला, वहिनी, डबाच खराब आहे. मी म्हटलं, बरं, दुसरा डबा घेऊन मीच येते, आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथनं हलणार नाही. बघू तर खरं, हा दिवसा शहाणा आणि संध्याकाळी वेडा का होतो.

शिवरात्र होऊन गेली होती. ऊन चटके देत होतं आणि काळी जमीन आत्ताच उकलायला लागली होती. आम्ही पोचलो तेव्हा बाई शाळेतून येऊन गाडी लावतच होत्या. बाईंचे मालक बाहेर आले. उंच माणूस, पण आता नुसता सापळा. डाव्या हाताला सुयांच्या जागी फुगलेली शीर, त्या हातानं काही धरायचं नाही, म्हणून उजवा हात भिंतीला, मग गाडीच्या दाराला टेकवत टेकवत ते खुर्चीपर्यंत आले. बसायच्या आधी क्षणभर सगळा भार दारावर टाकून उभे राहिले. मला म्हणाले, ताई, ही गाडी नाही, माझी काठी आहे. आणि हसले.

दुसऱ्या दिवशी परभणीची खेप होती. गाडीत जिंतूरपर्यंत जाण्याइतकंही चार्जिंग नव्हतं.

नवा डबा बसवला. हिरवा. चहा झाला. ऊन उतरलं, गुरं परत आली, गल्लीत एकेका घरात दिवा लागला, आणि आमचा नवाकोरा डबा लाल होऊन मिचकायला लागला. म्हणजे डबा खराब नव्हता. दुखणं रेड्याला आणि आम्ही डाग देत होतो पखालीला. पण रेडा कुठला?

वायरमननं इकडं तिकडं बघितलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाला, पाच मिनिटांत हिरवा करतो, पण विचारायचं नाही. मला विचारायचं नाही म्हणून सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला ठेवणं. त्यानं झाकण उघडलं, खड्ड्याची वायर काढली आणि अर्थिंगच्या जागी न्यूट्रलमधून एक तुकडा मारला. साधं सांगायचं तर, डब्याला जमिनीशी नातं हवं होतं, ह्यानं त्याला परत जाणाऱ्या तारेशीच बांधून टाकलं आणि म्हणाला, हीच तुझी जमीन. डब्याला फसवलं. दिवा चटकन हिरवा झाला आणि गाडी भरायला लागली.

बाई पायरीवर बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. आवाज न करता. मलाही हायसं वाटलं. वायरमन म्हणाला, सगळीकडं असंच करतात, कुणाला काही होत नाही.

पण डोक्यातला किडा वळवळत होता. एवढा महागाचा डबा, बोलता येत नाही म्हणून दिवा मिचकावून रोज संध्याकाळी काहीतरी सांगत होता, आणि आपण त्याचं तोंड बांधलं. तो सांगत काय होता? हे कळल्याशिवाय मला घरी जाऊन झोप लागणार नव्हती. मी वायरमनच्या खिशातनं टेस्टर उपसला, गाडीपाशी गेले आणि दाराच्या मुठीजवळ रंग उडाला होता तिथं टोक टेकवलं.

टेस्टरमधला दिवा लागला. मंद, पण लागला.

वायरमन माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं टेस्टर घेतला, स्वतः लावून बघितला, पुसला, पुन्हा लावला. मग दोघांनी एकदमच मालकांच्या खुर्चीकडं बघितलं. ते उठायच्या बेतात होते, उजवा हात पुढं काढून. मी ओरडले, बसा! इतक्या जोरात, की पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. वायरमननं धावत जाऊन बटण पाडलं, तुकडा ओढून काढला आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला. मी त्याला शिव्या देणार होते, पण त्याचं तोंड बघून एवढंच म्हटलं, आधी खड्ड्याची वायर जोडा.

खड्ड्याची वायर परत जोडली. दिवा परत लाल. बाईंनी विचारलं, "मग उद्या कसं?" मालक म्हणाले, एक खेप चुकली तर मरत नाही माणूस. बाई म्हणाल्या, मागल्या खेपेला डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात का?

मी त्यांच्याकडं बघू शकेना, म्हणून गल्लीकडं बघत बसले. शेजारच्या घरातली मावशी तांब्या घेऊन बाहेर आली. साठीची, अनवाणी. भिंतीच्या कडेला जमिनीतून हातभर लोखंडी सळई वर आली होती, तिच्या बुडाशी तिनं सावकाश पाणी घातलं, तुळशीला घालावं तसं. मला वाटलं, कुठला ठेवलेला देव असेल. मावशी आत वळली आणि तिच्या ओट्यावरचा बल्ब एकाएकी जास्त पिवळा, मग चांगला उजळ झाला. मी हाक मारून विचारलं, मावशी, हा देव कोणता?

मावशी हसली. "देव कशाचा बाई, लाईटचा खुटा हाय. सांजच्याला बल्ब मिणमिणायला लागला का ह्याला तांब्याभर पाणी घालायचं. लय भारी लाईट येती. जरा बोटाला मुंग्या येत्यात, मतलब लाईट जोरात हाय."

वायरमननं कपाळावर हात मारला. आणि मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं. झालं होतं असं, की डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, गल्लीत येणाऱ्या न्यूट्रलचा जोड कधीचा सडला होता. दिवसा लोक शेतात, पंखे बंद, तेव्हा निभायचं. संध्याकाळी सगळी गल्ली एकदम चालू झाली की तो जोड दम तोडायचा आणि दिवे मंद व्हायचे. मग कुणीतरी युक्ती काढली: फेज, म्हणजे येणारी लाईट, तारेतनं घ्यायचा आणि दुसरं टोक जमिनीत सळई ठोकून तिला बांधायचं. एकानं केलं, ते बघून दुसऱ्यानं. कुणी सळई, कुणी बोअरचा पाईप. घरातनं परत जायची लाईट तारेत न जाता गल्लीच्या जमिनीत उतरायची. आणि त्याच जमिनीत, मावशीच्या सळईपासून पाच-सहा पावलांवर, बाईंच्या चार्जरचा खड्डा होता. डबा जमीन चाचपून बघायचा आणि म्हणायचा, ही जमीन जमीन नाही, हिच्यात लाईट आहे, मी गाडी भरणार नाही. बरोबरच होतं की त्याचं! आणि मघाशी वायरमननं त्याला बांधलं होतं ते त्या सडक्या जोडाच्या न्यूट्रललाच, म्हणून परत जायला वाट न मिळालेली लाईट गाडीच्या दारापर्यंत आली होती.

खरं सांगते, त्या क्षणाला मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवली. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की माझी टाळी तिथंच विरली. कळणं वेगळं आणि गाडी भरणं वेगळं. लाईनमनला वायरमननं फोन लावला. तो माणूस चांगला होता, पण जोड बदलायला वरनं लाईन बंद करावी लागते, सामान लागतं, उद्या-परवा बघू म्हणाला. परभणी उद्या सकाळी होती.

एकच उपाय उरला होता: गल्लीच बंद ठेवायची, म्हणजे जमिनीत लाईट उतरणार नाही आणि एकट्या गाडीचा भार तो जोड पेलेल. पण गल्लीला कोण सांगणार? वायरमन जाईना. म्हणाला, ह्यातल्या दोन सळया मीच ठोकून दिल्यात. मग मीच उठले. चार घरी तेच बोलले. घरातले दिवे-पंखे सगळे पाडा, सळईची वायर ह्याला काढू द्या, अन् बाईंची गाडी भरेपर्यंत काही चालू करू नका. पहिल्या घरात म्हणाले, आमच्या लाईटीचा अन् त्यांच्या गाडीचा काय संबंध? मी समजावत बसले. न्यूट्रल, जोड, जमीन. त्यांना काही पटलं नाही, आणि माझाही आवाज चढायला लागला. एक जण म्हणाला, मोठ्या लोकांची गाडी फिरायची अन् आमी गरमीत मरायचं का?

मावशी माझ्या मागं कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिला न्यूट्रल-फिट्रल काही समजलं नव्हतं. ती त्या माणसाला म्हणाली, "फिरायला न्हाई रे, त्यो रगत धुवायला जायलाय." आणि पदर खोचून आपल्या घरात गेली. तिचा बल्ब गेला. मग पंख्याचा आवाज गेला.

त्यानंतर कुणाला काही समजवावं लागलं नाही. एकेक घर अंधारात गेलं. वायरमन हातबॅटरी घेऊन घरोघर सळयांच्या वायरी काढत फिरला, बोर्ड बंद आहे का ते दोनदा बघून. लोकं बाजा, चटया घेऊन बाहेर आली. उकडत होतंच. कुणी पुठ्ठ्यानं वारा घेत होतं, कुणी मला विचारत होतं की ह्या गाडीला किती घरांची लाईट लागती. मी सांगत होते आणि पुढचा प्रश्न यायचा. मला बरं वाटत होतं.

बाईंनी डब्याचं बटण चालू केलं. सगळी गल्ली बघत होती. डब्यानं थोडा वेळ घेतला, जमीन चाचपली असेल, आणि हिरवा झाला. आख्ख्या गल्लीत तेवढाच एक दिवा. वायरमननं टेस्टर काढला, दाराला लावला. नाही पेटला. त्यानं मला दिला, मी लावला. नाही पेटला.

मालक खुर्चीतून उठले. मी या खेपेला ओरडले नाही. अंधारात हात पुढं करून त्यांनी दार शोधलं आणि सगळा भार टाकून उभे राहिले. काही झालं नाही. ते तसेच उभे राहून गल्लीतल्या माणसांकडं बघत राहिले, मग म्हणाले, अरे, माझ्यापायी सगळे घामाघूम झालात. पलीकडून एकानं बाज सरकवून जागा केली आणि ते तिथं जाऊन टेकले. बाई म्हणाल्या, आजारी पडल्यापासून हे कुणात जाऊन बसले नव्हते.

सकाळी गाडी आमच्या दुकानावरून परभणीकडं गेली. बाईंनी हॉर्न वाजवला. लाईनमन काही उद्या-परवा आला नाही, त्याला वेळ लागला, आणि तोपर्यंत परभणीच्या आदल्या संध्याकाळी गल्ली आपणहून दिवे पाडायची. मग जोड बदलला, सळयांच्या वायरी कायमच्या निघाल्या, आणि मावशीचा बल्ब पाण्याशिवाय उजळ झाला.

उन्हाळा भरात असताना मी पुन्हा गेले होते. जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या. मला खड्ड्याची काळजी होती, कारण माती सुकून पट्टी सोडते आणि मग लाल दिवा खरोखरच्या कारणानं येतो. बाईंना म्हटलं, पाणी घालता ना? त्या म्हणाल्या, मला घालावंच लागत नाही.

दिवे लागायची वेळ झाली. मावशी तांब्या घेऊन बाहेर आली. जुन्या सळईपाशी क्षणभर थांबली, पुढं आली आणि चार्जरच्या खड्ड्यावर सावकाश पाणी घातलं. मी म्हटलं, मावशी, आता मुंग्या येतात का?

"न्हाई," ती म्हणाली, "ह्याला नुसतं पाणी लागतंय." आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.